आईचा आमवात, मुलीचं स्थळ आणि भावाची सिगारेट

आदरणीय डॉक्टर,

मी डिचोली तालुक्यातली, वय २६. पणजीला एका खासगी ऑफिसात अकाउंट्स सांभाळते. आईला आठ वर्षांपासून आमवात आहे, डॉक्टर त्याला रूमेटॉइड आर्थरायटिस म्हणतात. सुरुवातीचा बराच काळ वेदनाशामक गोळ्या, तेल आणि कुणीतरी आणून दिलेल्या पुड्यांवर गेला, तोवर बोटं वाकली. आता आठवड्याच्या गोळीवर ती बरी आहे, पण जरा बरं वाटलं की मनानेच गोळी सोडते. आजीची, म्हणजे आईच्या आईची, बोटंही वाकडी होती.

सध्या फोंड्याकडचं एक स्थळ आलं आहे. मुलगा मला आवडला आहे. ते बघायला आले तेव्हा मुलाच्या आत्याने आईचे हात पाहिले आणि सगळ्यांसमोर विचारलं, ‘हे घराण्यातच आहे का?’ मग निरोप आला की मुलीची जीन टेस्ट करून घ्या, रिपोर्ट चांगला आला तर पुढचं बोलू. लाळ पाठवून होणारी एक टेस्ट मी ऑनलाइन पाहिली आहे, पैसेही बाजूला काढलेत. आई तेव्हापासून धड जेवत नाही. ‘माझे भोग तुझ्या वाट्याला आले’ म्हणते. शेजारच्या काकींनी मला आत्तापासूनच आंबट आणि मासे बंद करायला सांगितलंय. माझेही हात संध्याकाळी दुखतात, त्याची वेगळी भीती. धाकटा भाऊ २३ वर्षांचा आहे, सिगारेट ओढतो. तो म्हणतो, हा बायकांचा आजार, मला काय त्याचं.

टेस्ट करू का? आणि रिपोर्ट वाईट आला तर लग्नच करू नये का?

— एक वाचक

बाय,

टेस्टचं उत्तर आधी देते. करू नकोस. लग्नासाठी नको आणि मनाच्या समाधानासाठीही नको. का नको ते सांगायला थोडा वेळ लागेल, कारण या आजाराचा आनुवंशिकतेशी संबंध आहे हे खरं आहे. ‘काही नसतं गं तसं’ म्हणून तुझी बोळवण केली तर तू पुन्हा रात्री फोन घेऊन शोधत बसशील.

धोका किती, हे पहिलं. भारतात प्रौढांमध्ये या आजाराचं प्रमाण शंभरात एकाहून कमी आहे. हरयाणातल्या बल्लभगड भागातल्या खेड्यांमधली पाहणी १९९३ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात ते पाऊण टक्का निघालं. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला झालेल्या पाहणीत अर्ध्या टक्क्याच्या आसपास. बायकांमध्ये प्रमाण पुरुषांच्या दोन ते तीनपट असतं. आई, वडील किंवा सख्खं भावंड आजारी असेल तर धोका साधारण तिप्पट होतो. तिप्पट म्हटलं की धडकी भरते, पण कशाच्या तिप्पट हे विचारलं पाहिजे. तू बाई आहेस, आईला आजार आहे, आजीलाही बहुधा तोच होता, शिवाय पुढचं सगळं आयुष्य हिशेबात घ्यायचं आहे. हे सारं सढळ हाताने मोजून शंभरात दहा धरले, तरी तुझ्यासारख्या शंभर मुलींपैकी नव्वद जणींना हा आजार कधीच होणार नाही.

तू इंटरनेटवर ‘आनुवंशिकतेचा वाटा ६० टक्के’ असं वाचलं असशील. हा आकडा खोटा नाही, जुळ्यांच्या अभ्यासांतूनच तो आला आहे. पण त्याचा अर्थ आईला आजार असेल तर मुलीला साठ टक्के शक्यता, असा मुळीच नाही. मोठ्या लोकसमूहात कुणाला हा आजार होतो आणि कुणाला नाही, या फरकातला किती भाग जनुकांतल्या फरकांनी उलगडतो, याचा तो अंदाज आहे. एका माणसाचं भविष्य त्यातून निघत नाही. त्याच जुळ्यांकडे सरळ पाहिलं तर चित्र लगेच स्पष्ट होतं. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळजवळ तंतोतंत सारखी असतात. १९९३ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा जोड्यांपैकी एकाला आमवात असताना दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण सुमारे १५ टक्के निघालं. एकसारख्या न दिसणाऱ्या, म्हणजे साध्या भावंडांइतकीच जनुकं सारखी असणाऱ्या जुळ्यांत ते चार टक्क्यांच्या आसपास होतं. पंधरा आणि चार यांतलं अंतर सांगतं की जनुकांना महत्त्व आहे. आणि उरलेले पंच्याऐंशी सांगतात की तीच सगळी जनुकं घेऊनही बहुतेक माणसं निरोगी राहतात. तू तर आईची जुळी बहीण नाहीस, तिची निम्मीच जनुकं तुझ्याकडे आहेत.

आता ही जनुकं करतात काय, ते समजून घे. हे कळलं की त्या लाळेच्या टेस्टचं मोल किती हे तुझं तुलाच ठरवता येईल, आणि आईलाही समजावता येईल.

आपल्या सहाव्या गुणसूत्रावर एचएलए नावाच्या जनुकांचा एक पट्टा आहे. रोगप्रतिकाराच्या कामातल्या काही पेशी शरीरात सापडलेल्या प्रथिनांचे बारीक तुकडे आपल्या पृष्ठभागावर ओंजळीत धरल्यासारखे धरतात आणि पहाऱ्यावरच्या टी-पेशींना दाखवतात. तुकडा जंतूचा असेल तर टी-पेशी हल्ल्याची हाक देतात, आपला स्वतःचा असेल तर सोडून देतात. ही ओंजळ कशी घडवायची हे एचएलए जनुकं ठरवतात, आणि माणसामाणसात तिचा आकार फार वेगवेगळा असतो. हा वेगळेपणा आपल्या भल्याचा आहे, कारण एकच साथ आली तरी सगळ्यांचा प्रतिकार एकाच ठिकाणी कमी पडत नाही.

अमेरिकेत पीटर स्टॅस्टनी यांनी १९७८ साली दाखवलं की आमवाताच्या रुग्णांमध्ये डीआर४ नावाचा एचएलए प्रकार जास्त आढळतो. १९८७ मध्ये ग्रेगरसन, सिल्व्हर आणि विंचेस्टर या तिघांनी त्यापुढचं पाऊल टाकलं. एचएलए-डीआरबी१ या जनुकाचे जे वेगवेगळे प्रकार या आजाराशी जोडलेले दिसत होते, त्या सगळ्यांत ७० ते ७४ या जागांवरची अमिनो आम्लं जवळपास सारखी आहेत, हे त्यांनी मांडलं. म्हणजे प्रकार निरनिराळे, पण ओंजळीचा एक कोपरा सारखा. त्याला ‘शेअर्ड एपिटोप’ म्हणतात. आपल्याकडच्या रुग्णांमध्ये डीआर४ च्या जोडीला डीआरबी१ चा १०:०१ हा प्रकार ठळकपणे दिसतो, जो युरोपियन रुग्णांत तितका आढळत नाही.

या कोपऱ्याचा त्रास असा. शरीरात दाह असला की आपल्याच प्रथिनांमधलं आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल बदलून त्याचं सिट्रुलिन होतं. सिगारेटच्या धुराने फुप्फुसांत हेच होतं, आणि हिरड्यांच्या जुनाट आजारातला एक जंतू असा बदल स्वतःही घडवून आणतो. बदललेले हे तुकडे त्या विशिष्ट आकारात घट्ट बसतात, टी-पेशींना परके वाटतात, आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तयार होऊ लागतात. अँटी-सीसीपी ही रक्ताची तपासणी तुझ्या आईची नक्की झाली असेल, ती याच प्रतिपिंडांची. अनेक रुग्णांच्या रक्तात ती सांधे सुजण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून असतात. मग कधीतरी, काही कारणाने, हल्ला सांध्यांच्या अस्तरावर येतो.

ही साखळी इतकी लांब असल्यामुळेच पहिलं कडं कुणाकडे आहे हे पाहून शेवटचं सांगता येत नाही. युरोपात अगदी निरोगी माणसांपैकी तीस-चाळीस टक्के लोकांकडे शेअर्ड एपिटोप असतो, आणि त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यात आमवात होत नाही. उलट ज्यांच्याकडे तो नाही अशा कितीतरी जणांना होतो.

शिवाय हे एकच जनुक नाही. २०१४ साली युरोपियन आणि आशियाई मिळून एक लाखाहून जास्त लोकांचे नमुने तपासून झालेल्या अभ्यासात जनुकांच्या १०१ जागा या आजाराशी जोडलेल्या आढळल्या, २०२२ च्या आणखी मोठ्या अभ्यासात त्या १२४ झाल्या. एचएलए सोडलं तर यांतली प्रत्येक जागा धोका चिमूटभर वाढवते. घरबसल्या करायच्या टेस्ट अशा काही जागा मोजतात, बेरीज करतात आणि ‘जास्त’, ‘मध्यम’, ‘कमी’ असा शेरा देतात. ही बेरीज कुणाच्या जनुकांवरून बसवली, हा प्रश्न तिथे फार महत्त्वाचा आहे. त्या अभ्यासांतले नमुने मुख्यतः युरोप आणि जपान-चीनकडचे होते, दक्षिण आशियातले फार थोडे. पीटीपीएन२२ नावाच्या जनुकातला एक बदल २००४ साली सापडला. युरोपियन लोकांमध्ये एचएलएखालोखाल त्याचं नाव घेतलं जातं, आणि आशियाई लोकांमध्ये तो अगदी विरळ आहे. तुझ्या रिपोर्टमध्ये तो ‘नाही’ असा आला म्हणून तू सुरक्षित ठरत नाहीस. आणि एचएलएचा प्रकार ‘आहे’ असा आला म्हणून तू आजारी ठरत नाहीस.

समजा टेस्ट केलीस आणि ‘जास्त धोका’ आला. मग तू काय वेगळं करशील? निरोगी माणसाला आमवात होऊ नये म्हणून द्यायचं औषध आज नाही. अबाटासेप्ट नावाच्या औषधावरच्या दोन चाचण्या २०२४ साली प्रसिद्ध झाल्या, पण त्या सांधे दुखत असलेल्या आणि रक्तात अँटी-सीसीपी सापडलेल्या लोकांवर होत्या. औषध चालू असताना आजार लांबला, बंद केल्यावर तो फायदा ओसरत गेला. तुझ्यासारख्या धडधाकट मुलीला ते कुणी देणार नाही. आणि समजा ‘कमी धोका’ आला, तर पुढे कधी बोटं सुजली तरी ‘मला नाही होणार’ म्हणून तू अंगावर काढशील. या दोन्हींतलं काहीही मला तुझ्यासाठी नको आहे. ते पैसे राहू देत, त्यांचं काय करायचं ते पुढे सांगते.

तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलं ते भावाबद्दलचं शेवटचं वाक्य.

आईची निम्मी जनुकं तुझ्याकडे आली तशी त्याच्याकडेही आली. आत्याने तुझ्याकडे पाहिलं, काकींनी तुझं ताट पाहिलं, आईने तुझ्यासाठी अन्न सोडलं, आणि घरातलं जे माणूस खरोखर धोका ओढवून घेतंय त्याला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. आमवाताच्या बाबतीत माणसाच्या हातात असलेलं सगळ्यात मोठं कारण धूम्रपान आहे. पुरुषांमध्ये त्याचा परिणाम बायकांपेक्षाही जास्त दिसतो. स्वीडनमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्यांच्याकडे शेअर्ड एपिटोपच्या दोन प्रती होत्या आणि जे सिगारेट ओढत होते, त्यांना अँटी-सीसीपी असलेल्या आमवाताचा धोका एकवीसपट आढळला. तुलना होती न ओढणाऱ्या आणि शेअर्ड एपिटोप नसलेल्या लोकांशी. जनुक आणि धूर एकत्र आले की बेरीज होत नाही, गुणाकार होतो. ‘बायकांचा आजार’ हे त्याचं म्हणणं चुकीचं आहे. चार रुग्णांत एक तरी पुरुष असतोच.

सिगारेट सोडली की धोका त्याच वर्षी खाली येत नाही, तो वर्षांनुवर्षं हळूहळू उतरतो. म्हणून तेविसाव्या वर्षी सोडणं आणि चाळिसाव्या वर्षी सोडणं यात फार फरक आहे. त्याला समोर बसवून हे सगळं सांग, रागावून नको. सरकारची तंबाखू सोडवणारी मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. तुझे बाजूला काढलेले पैसे त्याच्या निकोटीन गम किंवा पॅचसाठी वापर, डॉक्टरांना विचारून. तुमच्या घराण्यातल्या जनुकांसाठी या पैशाचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही. तो घरात ओढत असेल तर तेही बंद झालं पाहिजे. सिगारेट ओढणाऱ्या रुग्णांवर आमवाताचं औषध नीट चालत नाही, आणि दुसऱ्याचा धूर आईच्या फुप्फुसांनाही चांगला नाही.

डिचोली-सत्तरीच्या वाचकांसाठी इथेच एक गोष्ट सांगून ठेवते. दगडाच्या क्रशरवर, खोदकामावर, दगड कापण्याच्या कामावर उडणाऱ्या धुळीत सिलिका असते, आणि तिचाही या आजाराशी संबंध आहे. सिगारेट ओढणाऱ्यात तो आणखी वाढतो. घरात आमवाताचा इतिहास असलेल्या माणसाने अशा कामावर चांगला मास्क वापरलाच पाहिजे, नुसता रुमाल बांधून भागत नाही. आणि मशेरी लावणाऱ्यांनी हिरड्यांसाठी आणि तोंडाच्या कर्करोगासाठी ती सोडावी, मग घरात आमवात असो वा नसो.

तुझे हात संध्याकाळी दुखतात, दिवसभर कीबोर्डवर काम केल्यावर. हे ऐकून मला आमवाताची शंका येत नाही. आमवाताचं दुखणं उलटं असतं. ते सकाळी उठताना सगळ्यात जास्त असतं. मूठ वळत नाही, नळ फिरवता येत नाही, हात सैल व्हायला अर्धा तास, तास, कधी त्याहून जास्त लागतो, आणि हालचाल सुरू झाली की दुखणं कमी होतं. बोटांच्या मुळाशी असलेले सांधे, मधले सांधे, मनगटं, पायाच्या बोटांची मुळं, बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना. सांध्यावर बोट दाबलं तर सूज मऊ लागते. हस्तांदोलन करताना कुणी पंजा आडवा दाबला तर कळ येते. सकाळी आदोळीवर नारळ कातायला बसलीस आणि हात चालेना, अंगठी निघेना, आणि हे रोज होऊ लागलं, तर वाट पाहू नकोस. असं दुखणं सहा आठवडे टिकलं तर ते आपोआप जाईल म्हणून बसून राहणं चुकीचं. त्या आधीच डॉक्टरांना दाखव.

पावसाळ्यात ताप येऊन गेल्यावर सगळे सांधे धरले तर चिकुनगुन्याही असू शकतो. त्यानंतरचं सांधे दुखणं कधी कधी महिनोन्महिने चालतं आणि हुबेहूब आमवातासारखं दिसतं. तापाचा इतिहास डॉक्टरांना आधी सांगायचा. पावसाच्या ओलीने दुखणं जाणवतं जास्त, पण आमवात ओलीमुळे होत नाही.

आज तुला असं काही होत नाही, तर रक्ताच्या तपासण्याही करू नकोस. आरए फॅक्टर ही आमवातासाठी करतात ती दुसरी प्रतिपिंडांची तपासणी, ती निरोगी माणसांतही पॉझिटिव्ह येते, वय वाढलं की जास्तच, आणि क्षयरोगासारख्या दुसऱ्या आजारांतही येते. तो कागद हातात आला की तुझी झोप जाईल आणि हाती काही लागणार नाही. उद्या लक्षणं दिसली तर मात्र अँटी-सीसीपी, आरए फॅक्टर, आणि दाह मोजणाऱ्या ईएसआर, सीआरपी या तपासण्या करायच्या, आणि रिपोर्ट निगेटिव्ह आले तरी सांधे सुजलेले असतील तर तज्ज्ञाला दाखवायचं, कारण बऱ्याच रुग्णांत ही प्रतिपिंडं सापडतच नाहीत. जवळच्या आरोग्य केंद्रातून बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, पाठवायला सांग. तिथे पोचल्यावर ‘आईला आमवात आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगायचं. घरातला इतिहास खरा उपयोगी पडतो तो इथे, निदान लवकर होण्यासाठी, आणि तो सांगायला पैसे पडत नाहीत.

लवकर म्हणजे किती लवकर, तर लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या काही महिन्यांत. आजाराला आवर घालणारी औषधं तेव्हा सुरू झाली तर सांधे वाचतात. तुझ्या आजीच्या वेळी ही औषधं आजच्यासारखी वापरलीच जात नव्हती. मेथोट्रेक्सेट, म्हणजे आईची आठवड्याची गोळी, आमवातासाठी सर्रास दिलं जाऊ लागलं ते १९८० च्या दशकात, आणि इंजेक्शनने द्यायची जैविक औषधं १९९८ नंतर आली. आईच्या वेळी औषध होतं, पण वर्षं पुड्यांत गेली. अशा बेनाव पुड्यांत बरेचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं, म्हणून दोन दिवसांत जादू झाल्यासारखं वाटतं, आत आजार चालूच राहतो आणि हाडं ठिसूळ होतात. तुझ्यावर कधी वेळ आलीच तर तुझी बोटं आजीसारखी किंवा आईसारखी व्हायचं काही कारण नाही. आजीचे हात, आईचे हात पाहून तू पुढचा अंदाज बांधतेस. तो बांधू नकोस, काळ आणि औषधं दोन्ही बदलली आहेत.

काकींच्या सल्ल्याचं थोडक्यात सांगते. आंबटाने आमवात होत नाही आणि वाढतही नाही. सोलकढी प्यायची. मासे तर मुळीच बंद करू नकोस, आईचेही करू नकोस. तारले आणि बांगडे यांच्या चरबीतल्या ओमेगा-३ ने दाह थोडा कमीच होतो, आणि हे दोन्ही मासे स्वस्त आहेत. तळण्यापेक्षा हुमण, म्हणजे माशांची आमटी, बरं. दात रोज दोनदा घास, हिरड्यांतून रक्त येत असेल तर दातांच्या डॉक्टरकडे जा. वजन आवाक्यात ठेव.

आता स्थळ.

आईचा आजार लपवायचा प्रश्नच नाही, तो त्यांनी पाहिला आहे आणि लपवण्यासारखं त्यात काही नाहीही. पण ‘रिपोर्ट चांगला आला तर’ ही अट तू मान्य करू नयेस असं माझं स्पष्ट मत आहे. जनुकांचा ‘चांगला’ रिपोर्ट कुणाचाच नसतो. मधुमेह, हृदयविकार, दमा, आमवात, कशाचा ना कशाचा कल प्रत्येक घराण्यात असतो. फोंड्याच्या त्या घरातही आहे, फक्त तो हातांवर दिसत नाही. शिवाय हा आजार थॅलेसेमियासारखा नाही. थॅलेसेमियात दोन्ही जोडीदार वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तो होण्याची शक्यता चारात एक असते, आणि म्हणून लग्नाआधी दोघांनीही तपासणी करणं शहाणपणाचं आहे. ती तुम्ही दोघं खुशाल करा, दोघंही. आमवाताची अशी कुठलीही तपासणी नाही जी लग्न करावं की नाही हे सांगेल.

आत्याशी वाद घालू नकोस. मुलाला भेट, एकटीने, आणि त्याला हे सांग: ‘आईला आमवात आहे. मला होण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त आहे, पण न होण्याची त्याहून खूप जास्त आहे. झाला तर आज त्यावर चांगले उपचार आहेत. यासाठी मी टेस्ट करणार नाही, कारण डॉक्टरांच्या मते तिचा काही उपयोग नाही.’ हे पत्रही त्याला वाचायला दे. तो काय म्हणतो ते नीट ऐक. घरच्यांना समजवायची जबाबदारी तो स्वतःकडे घेत असेल तर पुढे जा. ‘आत्याचं मन राखायला एकदा करूनच टाक’ म्हणाला, तर मी तुझ्या जागी थांबले असते. आजारपण कुणाच्याही घरात येतं, तेव्हा हाच माणूस तुझ्या बाजूला उभा राहायचा आहे.

मुलांचा विचारही तू करत असशील. तुझ्या मुलांपर्यंत जाणारा धोका याहूनही विरळ आहे, आणि आमवात असलेल्या बायकाही आई होतात. गरोदरपणात कित्येकींचं दुखणं कमी होतं, बाळंतपणानंतर ते परत उसळू शकतं. मेथोट्रेक्सेट मात्र गरोदरपणात चालत नाही, ते काही महिने आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद करून दुसरी औषधं देतात. यातलं तुला आज काहीच करायचं नाही, फक्त ही वाट बंद नाही एवढं माहीत असू दे.

आईला माझा निरोप दे. त्यांनी तुला आजार दिलेला नाही. त्यांच्याकडे ती जनुकं त्यांच्या आईवडिलांकडून आली, त्यांच्याकडे त्यांच्या आईवडिलांकडून, आणि निवड कुणीच केली नाही. तुझ्या धोक्यातला काही भाग तर वडिलांकडूनही आला असेल, ज्यांचे सांधे ठणठणीत आहेत. आईंनी जेवायला हवं, आणि गोळी चुकवायला नको.

गोळीबद्दल तूच लक्ष घाल, कारण इथे धोका आजचा आणि खरा आहे. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, ठरलेल्या वारी. कॅलेंडरवर तो वार लाल पेनाने गोल कर आणि गोळीचं पाकीट तुझ्या ताब्यात ठेव. चुकून ती रोज घेतली गेली तर तोंड सोलतं, रक्तपेशी कमी होतात, जिवावर बेततं. फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी द्यायची. बरं वाटतं ते गोळीमुळे वाटतं, आजार गेला म्हणून नाही. त्यामुळे कमी करायची असेल तर ती डॉक्टरांनीच करायची. रक्ताची, यकृताची आणि मूत्रपिंडाची तपासणी ते सांगतील तेव्हा चुकवू नका. पुढच्या वेळी आईला दाखवायला नेशील तेव्हा भावालाही बरोबर घेऊन जा, आणि तो सिगारेट ओढतो हे डॉक्टरांना त्याच्यासमोर सांग.